हिरोचं आडनाव काय?

मी प्रेमकथा वाचत नाही, असं गेली सहा-सात वर्षं चारचौघांत ठासून सांगत आलो. विहाराच्या अभ्यासिकेत सांगितलं, कविसंमेलनात सांगितलं, मोर्चाच्या आदल्या रात्री पोस्टरं रंगवताना सांगितलं. साफ खोटं. नववीत असताना रद्दीवाल्याकडून आणलेल्या, कव्हर फाटलेल्या तीन कादंबऱ्या मी भूमितीच्या पुस्तकात घालून वाचल्या होत्या. एकीतला हिरो टेनिस खेळायचा. टेनिस मी तोवर डोळ्यांनी बघितलेलं नव्हतं. तरी हिरॉइनीनं त्याला टेकडीवर नकार दिला तेव्हा माझा घसा दाटला. पुढं चळवळीत आलो आणि असल्या पुस्तकांवर थुंकायला शिकलो. पांढरपेशांचे चोचले. सदाशिवपेठी गुलकंद. दोस्तहो, तुम्हीही हेच शब्द वापरता, मला माहीत आहे, कारण त्यातले निम्मे मीच तुम्हाला पुरवले.

आता ते शब्द गिळायची पाळी आली आहे. आणली माझ्या धाकट्या बहिणीनं.

ती एकवीस वर्षांची. औषधांच्या गोदामात पॅकिंगला जाते. येता-जाता लोकलमध्ये मोबाईलवर प्रेमकथा वाचते, रोज एक भाग. एका रात्री मी तिला हटकलं. हिरो कोण? कारखानदाराचा पोरगा. आडनाव? इनामदार. मग माझं भाषण सुरू : तुझ्या आज्याला इनामदारानं वाड्याच्या पायरीला तरी शिवू दिलं असतं का, आणि तू त्याच्या पोरासाठी स्टेशन चुकवतेस! तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दादा, तुझ्या सगळ्या कविता मी वाचल्यात. त्यात बाई तीन प्रकारची. एक आई, ती मेलेली तरी असते नाहीतर खडी फोडत असते. दुसरी, जिच्यावर अत्याचार झालाय ती. तिसरी धंद्यावरची. एखादी पोरगी कुणावर जीव लावून बसलीय आणि डबा भरताना उगीच हसतेय, अशी एक ओळ दाखव. दाखव, हे वाचणं आत्ता सोडते."

मी वही काढली. खरंच काढली. चौऱ्याऐंशी कविता. नाही सापडली.

तेव्हापासून मी भेटेल त्याला विचारत सुटलो : प्रेमाच्या गोष्टी वाचता का, आणि कशाला वाचता?

मी गोदीत कंत्राटी, इंदिरा डॉकला. हजारोंनी माणसं कामावर यायची ते दिवस गेले. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया डॉक बुजवून टाकली. 1989 साली न्हावा-शेवा बंदर चालू झालं आणि कंटेनरचा मोठा धंदा हळूहळू खाडीपलीकडं गेला. पण पोलादाच्या कॉइली अजून आमच्याकडं येतात. पावसात जहाजाचा फाळका उघडा ठेवत नाहीत, कॉइलला पाणी लागलं की गंज. म्हणजे पाऊस आला की टोळी बसून. पूर्वी पत्ते, आता मोबाईल. मी शेडमध्ये फिरून बघितलं कोण काय बघतंय. बहुतेक क्रिकेट आणि रील. पण दोन गडी कानात वायर घालून डोळे मिटून पडले होते. लातूरचा एक, बिहारचा एक. मला वाटलं गाणी. नाही, प्रेमकथा ऐकत होते. एक मराठीत, एक हिंदीत. अंगावर गंजाचा लाल थर आणि कानात कुणीतरी बाई हळू आवाजात वाचतेय. मी काही बोललो नाही. काय बोलणार!

यलो गेटबाहेर चहाच्या टपरीवर आमचे एक मामा बसतात. 1978 साली गोदीत लागले, कायम झाले, रिटायर होऊनही वर्षं झाली, तरी गेटवर आल्याशिवाय त्यांना चहा जात नाही. त्यांना विचारलं.

"काकोडकर!" मामा म्हणाले, गावाकडच्या भावाचं नाव घ्यावं तसं. "लालबागच्या लायब्ररीतनं आणायचो. दिवसाला धा पैसं. एक पुस्तक सगळ्या टोळीत फिरायचं. परत द्यायला जायचं तवा त्याला खताच्या गोणीचा वास. लायब्ररीवाला नाकाला रुमाल लावून घ्यायचा."

चंद्रकांत काकोडकर हे नाव आजच्या पोरांना माहीत नाही. या माणसानं ढिगानं लिहिलं. 1962 सालच्या 'रंभा'च्या दिवाळी अंकात त्यांची 'श्यामा' आली : निशिकांत नावाचा हिरो आणि त्याच्या आयुष्यात आलेल्या तीन बाया. अश्लील म्हणून खटला झाला. मुंबई उच्च न्यायालयानं दोषी धरलं. सर्वोच्च न्यायालयानं 1969 साली सोडलं, काळ बदलतोय, आजच्या वाचकाच्या नजरेनं बघा, अशा अर्थाचं सांगून. त्याच साली काकोडकरांच्या 'नीलांबरी'वरचा 'दो रास्ते' थेटरात लागला. आणि त्याच साली, 18 जुलैला, अण्णा भाऊ साठे गेले.

मी हे वाचून पेटलो होतो. मामांना म्हटलं, बघा, बाईचं अंग किती उघडं दाखवलं यावर इतकी वर्षं कोर्टात कीस पाडला. पण दोनशे पानांत आपल्या माणसाला एकदाही दारातून आत न घेणं, याला अश्लील म्हणणारं कलम तेव्हाच्या दंडविधानात नव्हतं, आजच्या संहितेतही नाही. मामांनी चहाचा ग्लास खाली ठेवला.

"आरं, आमी काय जात बघाया वाचत हुतो व्हय? बायकू गावाला. खोलीत अकरा माणसं, झोपाया पाळी. वरसातनं एकदा गावी जायाचं, तेबी घरात म्हातारी, भाऊ, पोरं. बाईमाणसाशी दोन शब्द बोलाया जागा कुठली? पुस्तकात ती बाई बोलायची. 'तुम्ही दमलात का?' म्हणायची. तेवढं वाचलं की पाठीची गोणी कमी व्हायची."

हे 'दमलात का' माझा पिच्छा सोडेना. आमच्या चाळीतल्या वहिनी दादरला तीन घरची धुणीभांडी करतात. मोबाईलवर वाचतात, दुपारी जिन्यात बसून. त्यांनाही विचारलं. त्या लाजल्या नाहीत, उलट चिडल्याच. "लग्नाला अठरा वर्षं झाली. 'जेवलीस का' हे तीन शब्द-" त्यांनी बोटावर मोजले, दोनच भरले, हसल्या. "हे दोन शब्द मला अजून कुणी विचारले नाहीत. गोष्टीतला विचारतो." म्हटलं, पण वहिनी, तो हिरो तिचा हात पिरगाळतो, भिंतीला टेकवतो, रागावला म्हणजे प्रेम आहे म्हणतो, त्याचं काय? "ते मी सोडून वाचते. तांदळातले खडे काढतोच की आपण. तांदूळ टाकतो का?"

आमच्या किती पुस्तकांवर इतकी नेमकी समीक्षा झाली आहे, सांगा.

काकोडकर दहा पैशांच्या लायब्ररीचे. प्रतिष्ठेचे ते ना. सी. फडके. प्राध्यापक. 1940 साली रत्नागिरीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, 1962 साली पद्मभूषण. कलेसाठी कला हा त्यांचा झेंडा, समोर वि. स. खांडेकर जीवनासाठी कला घेऊन उभे. हे भांडण शाळेपासून कानावर येतं. मला त्यात एवढंच दिसतं की दोन्ही बाजूंची माणसं एकाच पेठेतून उठून आलेली. 1936 साली बाबासाहेब 'जातिभेद निर्मूलना'त लिहून गेले की जात मोडायचा खरा उपाय म्हणजे आंतरजातीय लग्न, आणि शास्त्रांवरची श्रद्धा मोडल्याशिवाय लोक ते करायचे नाहीत. लाहोरच्या मंडळाला ते भाषण झेपलं नाही, ते व्हायचं राहिलं, बाबासाहेबांनी स्वतः छापलं. म्हणजे या देशातली सगळ्यात धोक्याची प्रेमाची गोष्ट एका न झालेल्या भाषणात आहे. आमचे प्रेमाचे कादंबरीकार तेव्हा टेकडीवर फिरायला गेले होते.

हे झालं वरच्यांचं. आता आपलं.

मानखुर्दचा एक पोरगा आहे, आपलाच, दिवसा डिलिव्हरी करतो, रात्री मोबाईलवर प्रेमकथा लिहितो. वाचक भरपूर. मोठ्या आशेनं त्याला गाठलं. त्याच्या गोष्टीतली घरं बघितली तर वाडा, झोपाळा, तुळशीवृंदावन, आजीचं सोवळं स्वयंपाकघर. हिरॉइन गोरी, नाकात चमकी. मी म्हटलं, भावा, तू झोपाळा कुठं बघितलास? म्हणाला, "डिलिव्हरीला गेलो की दारातून दिसतो." आणि आडनावं? "दादा, कांबळे लिहून बघितलं एकदा. पहिल्या भागाला आले तेवढे दुसऱ्याला आले नाहीत. परत देशपांडे केलं." त्यानं स्वतःसाठीही टोपणनाव असं घेतलंय की वाचणाऱ्याला तो दुसऱ्याच आळीतला वाटावा. बाबूराव बागुलांचं 'जेव्हा मी जात चोरली होती' 1963 साली आलं. पोरानं ते वाचलेलं नाही. त्याला ते वाचायला दिलं पाहिजे, पण कुठल्या तोंडानं? त्यानं जात चोरली ती भाड्याच्या खोलीसाठी नाही, गोष्टीत शिरण्यासाठी. त्या खोलीला आपण दुसरं दार पाडलंच नाही. आपल्या अंकाकडं प्रेमकविता आली की काय होतं ते मी संपादक मंडळात बसून बघितलंय : "चांगली आहे, पुढच्या अंकाला ठेवू." पुढचा अंक येतो. ती कविता येत नाही. मीच दोनदा ठेवली.

बहीण जिच्या गोष्टी वाचते ती लेखिका डोंबिवलीची. बहिणीनं तिला आधी कधीतरी दोन ओळी लिहिल्या होत्या, तिनं उत्तर दिलं होतं. एका रविवारी आम्ही दोघं गेलो. मी भांडायच्या तयारीनं, मुद्दे कागदावर काढून.

तिसरा मजला, लिफ्ट नाही. बाई पासष्टीच्या, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. चहा आला. मी कप बघितले. सवय आहे, जात नाही. तीनही सारखेच होते. मी पहिलाच प्रश्न टाकला, तुमच्या हिरोचं आडनाव नेहमी इनामदार, देशमुख, सरदेसाई का? बाईंना राग आला नाही. त्या म्हणाल्या, "चाळीस वर्षांत हे विचारणारे तुम्ही पहिलेच. बसा नीट."

मग त्यांनी सांगितलं. नवऱ्याची नोकरी सुटली, दोन मुलं, म्हणून लिहायला लागल्या. महिन्याच्या अंकांना गोष्टी, दिवाळीला लांबट कादंबरी. पैसे गोष्टीवर, तेही मागून. घरचे झोपले की स्वयंपाकघरात पाटावर बसून लिहायचं. एका दिवाळीला चार अंकांना चार. मी मनात म्हटलं, ही बाई तर उक्त्यावर काम करते. माझ्यासारखीच. कॉइली मोजून पैसे, गोष्टी मोजून पैसे. इनामदार हा मालक त्यांचाही नव्हता, गिऱ्हाइकाला लागायचा माल होता.

त्या उठल्या, कपाटातून एक पिवळा कागद आणला. जुन्या गोष्टीचं हस्तलिखित. त्यातली नायिका नर्स, आडनाव कांबळे. संपादकानं लाल शाईनं आडनावावर काट मारून वर 'कारखानीस' लिहिलेलं. बाकी पानावर एका शब्दाला हात लावलेला नव्हता. बाई म्हणाल्या, "मी हॉस्पिटलात बाळंतपणाला होते तेव्हा एक नर्स होती, तिच्यावर लिहिलं होतं. आडनाव बदलल्यावर मलाच ती ओळखू येईना. पण छापून आली, पैसे आले. पुन्हा तसं लिहिलं नाही. खोटं कशाला बोलू?"

मी म्हटलं, आता कुठं संपादक आहे? आता तर मोबाईलवर तुम्ही थेट लिहिता. त्या थोडा वेळ गप्प. मग म्हणाल्या, "आता लाल शाई माझ्या हातातच आलीय. असं वाटतं की जात आणली तर गोष्ट प्रेमाची राहत नाही, प्रश्नाची होते. वाचणारी बाई दिवसभराचे प्रश्न बाजूला ठेवून माझ्याकडे येते."

माझ्या कागदावर याला उत्तर होतं, तीन मुद्द्यांचं. जात तुमच्या गोष्टीत आहेच, वाड्यात आहे, सोवळ्यात आहे, 'घरंदाज' या शब्दात आहे, फक्त वरच्याची असली की ती दिसत नाही, वगैरे. मी तोंड उघडायच्या आत बहीण बोलली. "पण काकू, आमच्यात जात रोजच असते. बसच्या लाईनीत असते, डब्यात असते. तरी आमचं प्रेम झालंच की."

बाई तिच्याकडं बघायला लागल्या. मीही. 'आमचं' म्हणजे कुणाचं, हे फक्त बाईंना लगेच कळलं. त्यांनी तिचा हात हातात घेतला आणि विचारलं, "कुठं भेटला?"

गोदामात भेटला. टेम्पो चालवतो. दीड वर्ष झालं. जात मी इथं लिहीत नाही, लिहिली की तुम्ही लगेच हिशोब मांडाल. वरची, एवढं पुरे. हे मला परतीच्या गाडीत कळलं. आणि आता जे लिहितो ते या अंकात छापायचं की नाही यावर मी दोन रात्री घालवल्यात. मी, चौऱ्याऐंशी विद्रोही कवितांचा कवी, बाबासाहेबांच्या 1936 च्या भाषणावर विहारात तास घेणारा, ठाणे ते मुलुंड या अंतरात जे बोललो ते असं : कोण आहे तो? कधीपासून? आईला माहीत आहे? फोन दे इकडं.

तिनं फोन दिला नाही. म्हणाली, "दादा, हे डायलॉग व्हिलनचे असतात. मी रोज वाचते, मला पुढचं पाठ आहे."

मला राग आला तो खरा, आणि भीती वाटली तीही खरी. रागाचं समर्थन करत नाही. भीतीचं करतो. 2013 च्या पहिल्याच दिवशी सोनईत तीन पोरं कापली गेली, मूळ एका प्रेमाचं. 2014 साली खर्ड्यात सतरा वर्षांचं आपलं पोरगं, मुलीशी बोलतो एवढ्यावर, मारून झाडाला टांगलं. 2017 साली खालच्या कोर्टातून नऊ आरोपी सुटले. हे मी पोस्टरवर रंगवलंय. पोस्टर रंगवणाऱ्याची बहीण त्या बाजूला पाय टाकते तेव्हा ब्रश हातातून पडतो.

'सैराट' 2016 साली आला तेव्हा आम्ही सगळं घर गेलो होतो. मी सतरा-अठराचा, ती बारा वर्षांची. थेटरात गाण्यावर नाचली. शेवटी ती पोराची रक्ताची पावलं उमटली आणि तिनं आईच्या मांडीत तोंड खुपसलं. दोन दिवस जेवली नाही. सिनेमा मोठा आहे, मी त्याच्याविरुद्ध एक शब्द ऐकून घेणार नाही. नागराज मंजुळेनं जे दाखवलं ते आपल्या पेपरात रोज येतं. 2018 साली हिंदीवाल्यांनी त्याचा 'धडक' केला तेव्हा जात जवळजवळ पुसून काढली, तिथंही लाल शाईच. पण दोस्तहो, बारा वर्षांच्या आपल्या पोरीला आपण आपली म्हणून एकच प्रेमाची गोष्ट दाखवली आणि तिच्यात दोघंही मेले. मग ती जगणाऱ्यांच्या गोष्टी शोधत इनामदाराच्या पोराकडं गेली. त्याच्याकडं निदान शेवटच्या भागात दोघं चहा पीत असतात.

आपण उलटं समजत होतो. गोड शेवट हा लाड आहे, खोटेपणा आहे, भांडवली अफू आहे, असं. ज्यांना जीव जायची भीती नाही त्यांच्यासाठी असेलही. आपल्या पोरीसाठी ती मागणी आहे. दोघं जिवंत राहिले, खोली मिळाली, भाडं भरलं, भांडले, रविवारी मटण आणलं, ही आपल्यातली सगळ्यात विद्रोही कादंबरी होईल आणि ती कुणी लिहिलेली नाही, निदान माझ्या बहिणीच्या हाताला लागेल अशी नाही. अण्णा भाऊंनी प्रेम लिहिलं होतं. 'वैजयंता' 1961 साली पडद्यावर आली. आम्ही अण्णा भाऊंचा डफ घेतला, फकिरा घेतला, बाकीचं जयंतीच्या बॅनरमागं ठेवून दिलं.

मी लिहून बघतोय. येत नाही. दोन ओळींनंतर मशाल येते. पोरगी डबा भरताना हसते, आणि मग ती का हसते याचं ऐतिहासिक कारण मी सांगायला लागतो. बहीण वाचते आणि वही परत देते.

त्यांनी रजिस्टर लग्न ठरवलंय. भटजी नको, होम नको, म्हणून 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली. त्यात नोटीस द्यावी लागते, ती कचेरीतल्या फलकावर लागते, तीस दिवस. दोघांचं नाव, वय, धंदा, पत्ता. येणारा-जाणारा कुणीही वाचू शकतो. मी तिच्याबरोबर गेलो होतो. फलकावर तिचं आडनाव आणि त्याचं आडनाव एकाच कागदावर टाईप केलेलं, कुणी काट मारलेली नाही. तिनं फोटो काढला आणि डोंबिवलीच्या काकूंना पाठवला. रात्री त्यांचं उत्तर आलं : हे लिहू का? बहिणीनं लिहिलं, लिहा, पण आडनावासकट. त्यावर अजून काही आलेलं नाही.

साक्षीदार तीन लागतात. एक मी. एक यलो गेटचे मामा, त्यांनी नवीन शर्ट शिवायला टाकलाय. तिसरा त्याच्या बाजूचा हवा, असा बहिणीचा हट्ट आहे. त्याच्या बाजूचं अजून कुणी तयार नाही. अठरा दिवस राहिलेत.